दोष घरात की बाहेर

आमचे घरमालक फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसत. "आवाज येऊन राहिला का?" असं विचारत, आणि समोरून होकार आल्याशिवाय पुढचा शब्द काढत नसत. बोलणारा कोण, त्याचं काम काय, याच्याशी त्यांना सुरुवातीला काही देणंघेणं नसे. आधी लाईन, मग माणूस. मी खोली बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या मध्ये फोन नव्हताच, एक जाळीचं दार होतं. तरी त्यांनी जाळीतून तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "येतोय की." तेव्हा कुठे कडी निघाली.

जबलपूरला ओमतीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. तळमजल्यावर ती दोघं नवराबायको, वर भाड्याची एक खोली आणि गच्ची. मूलबाळ नव्हतं. मी मूळची साताऱ्याकडची, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला आलेली. परमुलखात मराठी घरमालक मिळतोय म्हणून माझ्या आईला हायसं वाटलं होतं. मी त्यांना काका म्हणू लागले. काकांचे वडील वऱ्हाडातून इकडे आलेले. काका इथेच जन्मले, इथल्याच एका सरकारी कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. मीही क्वालिटीत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"म्हणजे नापास करणारी," ते म्हणाले. "चलो, अच्छा आहे. घरात मी एकटाच होतो."

कारखाना सुटला तरी त्यांच्या कुर्त्याच्या खिशातला पिवळा खडू सुटला नव्हता. जे पसंत पडलं नाही त्याच्यावर फुली. गळक्या नळावर फुली, गॅसच्या रेग्युलेटरवर फुली, दूधवाल्याच्या कॅनवर तर रोज पुसली जाऊन रोज नवी फुली. माझ्या हेल्मेटवर पहिल्याच आठवड्यात पडली. बरोबरची खूण मात्र मी कुठेच पाहिली नाही. एखादी वस्तू अगदीच निर्दोष निघाली तर ते "चालते" म्हणत. पास हा शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"पास म्हटलं का जबाबदारी आपल्यावर येते," काका म्हणाले. "चालते म्हणावं. आज चालते, उद्याचं कोणाले माहीत."

निवृत्तीनंतर तपासायला कारखाना उरला नाही, तेव्हा त्यांनी घरातली फोनची लाईन हाती घेतली. कुठल्याशा जुन्या बाजारातून लाईनमनचा तपासणीचा फोन आणला होता, लाल रंगाचा, दोन तारांना दोन चिमटे असलेला. तो गळ्यात अडकवून ते सकाळी गच्चीपासून खांबापर्यंत तारेची पाहणी करत. तारेवरून हात फिरवत चालत जायचं, जोड आला की थांबायचं, टेप सोलायची, तांबं हिरवं पडलंय का बघायचं, पुन्हा टेप गुंडाळायची. या रोजच्या सोलण्या-गुंडाळण्यामुळेच जोड खराब होत असावेत, असा मला दाट संशय होता.

फोनमध्ये खरखर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: दोष घरात आहे का बाहेर? मग घरातलं सगळं तोडायचं, मॉडेम, स्वयंपाकघरातलं एक्स्टेन्शन, सगळं. आणि तार घरात शिरते तिथल्या पहिल्या डबीला एकच फोन जोडून ऐकायचं. तिथेही खरखर असेल तर दोष बाहेरचा, खांबाचा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष घरातला. ही रीत अगदी बरोबर आहे, हे मी कारखान्यातल्या अनुभवावरून सांगते. पंचाईत एवढीच की ती त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. माझं पोट बिघडलं तेव्हा ते जिन्यात येऊन उभे राहिले. "बाहेर काही खाल्लं का? नाही? मंग दोष घरातला. डबे पाहा आपले." शेजारच्या घरात सासूसुनेचं वाजलं की तिथेही जाऊन हाच प्रश्न विचारत, आणि त्यामुळे शेजारी त्यांना चहाला बोलवत नसत.

त्यांचा स्वतःचा कल मात्र कायम बाहेरच्या दोषाकडे असे. खांब, खार, वारा, समोरच्या घरातला कूलर यांच्यावर त्यांचा राग होता. दोष घरात निघाला की त्यांचं तोंड उतरे.

माझं इंटरनेट त्यांच्याच फोनच्या लाईनीवरून येई. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करत असे, आणि दुपारी ऐन बैठकीत, समोर पडद्यावर चार मोठी माणसं बसलेली असताना, खाली फोनची घंटा वाजली की माझं इंटरनेट तुटे. घंटा वाजली की तुटे, हे काकांना मी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी तपास सुरू केला. आधी खार, मग कूलर. मग गल्लीत उभे राहून खांबाकडे बराच वेळ रोखून पाहणं झालं. माझी नोकरी जायची वेळ आली तरी तपास चालूच होता. शेवटी एकदा कात्री शोधताना फोनच्या स्टुलाच्या खणात मला एक छोटी डबी सापडली. फोन आणि मॉडेम एकाच तारेवर असले की घंटेचा धक्का इंटरनेटला बसू नये म्हणून मध्ये लावतात ती. तिच्यावर पिवळी फुली होती.

"ही कुणी काढली?"

"नापास होती," काका म्हणाले. "सैल बसे."

"मग दुसरी का नाही लावली?"

"दुसरी आणली. ते बी नापास निघाली."

खणात खरंच दुसरीही होती, तीही फुलीसकट. मी चिडले, आणि चिडल्याचं त्यांना चार शब्दांत सांगितलंही. ते ऐकून घेत राहिले. मग डबी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट केली आणि घरात कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "म्हणजे दोष घरातला निघाला." डबी लावली आणि इंटरनेट पुन्हा कधी दुपारी तुटलं नाही.

ती दुपारची घंटा अमरावतीची असे. काकूंची धाकटी बहीण तिथे राहायची. काकूंचे डोळे साखरेनं गेले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बटणांचा जुना जाडजूड फोन होता. मधल्या पाचाच्या बटणावर एक टिंब असतं, त्याच्यावर बोट टेकवलं की बाकीची बटणं त्यांना आपोआप सापडत. एक दिवस तिकडून फोन, एक दिवस इकडून. दोघी बहिणी काय खाल्लं, कोण आलं, गुडघा कसा आहे, एवढंच बोलत. आणि पुष्कळदा काहीच बोलत नसत. मी एकदा पाहिलं, काकू रिसीव्हर कानाशी धरून स्वस्थ बसल्या होत्या आणि मी विचारलं तर म्हणाल्या, "ते मेथी निवडून राहिली तिकडे. निवडू दे."

काका या वेळी घरात असत, पण खोलीत नसत. दाराबाहेर ओट्यावर तारेशी काहीतरी करत आणि तिथून ओरडत, "खरखर येऊन राहिली का? विचार तिले."

"नाही येत जी," काकू सांगत.

"विचार तं."

स्वतः मात्र ते त्या बहिणीशी बोलत नसत. एक अक्षरही नाही. तिचं नाव घेत नसत, 'अमरावती' म्हणत. तुह्या अमरावतीची लाईन खराब आहे. तुही अमरावती जास्त बोलते. याचं कारण मला काकूंनी हसत हसत सांगितलं. लग्नात या धाकट्या मेहुणीने नव्या नवऱ्याची थट्टा केली होती. मुलगा माल तपासायच्या खात्यात आहे म्हणतात, पण आमच्या ताईनं हा माल काही नीट तपासून पास केलेला दिसत नाही. सगळा मांडव हसला. काका हसले नाहीत, आणि तेव्हापासून जे तोंड मिटलं ते मिटलंच. बहिणीच्या घरी जाणं नाही, ती आली की हे गच्चीवर. तिचा नंबरसुद्धा त्यांनी कधी फिरवला नाही. काकांना गॅसवाल्याचा, पाणीवाल्याचा, तक्रार नोंदवायचा, गल्लीतल्या प्रत्येक घराचा नंबर तोंडपाठ होता, खांबांवरचे आकडेसुद्धा पाठ होते. एवढा एकच नंबर पाठ नाही, हे ते अभिमानाने सांगत.

आणि त्याच बहिणीशी बायकोला बोलता यावं म्हणून हा माणूस रोज उन्हात तार सोलत बसे. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला सांगता येत नाही.

मग गल्लीत काचेच्या तारा आल्या. माझ्या कामाला वेगवान इंटरनेट हवंच होतं. काकांनी परवानगी दिली, पण जुन्या लाईनीला हात लावायचा नाही या अटीवर. फायबरवाला यायचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच आठवड्यात अमरावतीहून बातमी आली की बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. फायबरवाला ज्या दिवशी येणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला नागपूरला नेणार होते. फायबरवाला यायच्या दिवशी दुपारी फोन करायची पाळी काकूंची होती. "जायच्या आधी एकदा बोलायचं आहे," एवढंच त्या सकाळपासून म्हणत होत्या. जेवल्याही नव्हत्या नीट.

फायबरवाला शिडीवर चढला. खिडकीच्या वरच्या भोकातून दोन तारा घरात येत होत्या. वरची जुन्या एक्स्टेन्शनची, वर्षानुवर्षं मेलेली, टोकाला टेप मारलेली. तिच्या खाली काकूंच्या फोनची. भोक लहान होतं. नवी तार घालायची तर एक जुनी काढायला हवी होती.

"दादा, कौन सी निकालूँ?" त्याने वरून विचारलं.

काका गल्लीत उभे होते, लाल फोन गळ्यात. जन्म जबलपुरात गेला, हिंदी त्यांची चांगलीच होती. पण तारेचा विचार ते मराठीतच करत. ते ओरडले, "खाली छोड़ दे. दूसरी निकाल दे."

"खाली छोड़नी है?" तो जरा बुचकळ्यात पडला. "पक्का?"

"एक बार बोला ना. खाली को हाथ नहीं लगाना."

त्याने खालच्या तारेला पक्कड लावली, इकडे तोडली, खांबाकडून हिसका देऊन ओढली आणि वेटोळं करून गल्लीत टाकली. मी हे ओट्यावरून बघत होते आणि काय चाललंय ते मलाही कळलं नाही. घरातून काकूंची हाक आली. "अजी, फोन बोलून नाही राहिला."

काका लगेच चिमटे लावायला गेले आणि सवयीने म्हणाले, "दोष बाहेरचा." मग त्यांना पायाशी पडलेलं वेटोळं दिसलं.

"दादा, आप ही ने तो बोला," फायबरवाला शिडीवरून सांगत होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. "खाली वाली छोड़ दी. वो देखो, ऊपर. उसमें कुछ है ही नहीं, एकदम खाली है."

मराठीतलं खाली आणि हिंदीतलं खाली. आमच्यासाठी बुडाशी असलेली, त्याच्यासाठी रिकामी. एरवी मी पोट धरून हसले असते. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. तो गेला आणि माझं नवं इंटरनेट झकास चालू झालं, त्याची मला लाज वाटत होती.

त्यांनी तार जोडून पाहिली. घराकडचा जोड झाला, पण खांबावरच्या पेटीतून ती मुळासकट निघून आली होती. मी माझ्या मोबाईलवरून तक्रार केली. तांब्याची नवी तार आता टाकत नाहीत, असं उत्तर आलं. फोन हवा तर फायबरवरून घ्या, माणूस येईल चार-आठ दिवसांत. काका ओट्यावर बसून राहिले. दुपार झाली.

काकू खाटेवर बसून होत्या, मुका रिसीव्हर मांडीवर. मी म्हटलं, "काकू, माझ्या मोबाईलवरून लावते. नंबर सांगा."

त्यांनी पहिले दोन आकडे सांगितले, मग चुकल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकल्या. "माह्या तोंडात नाही बाई तो नंबर," त्या म्हणाल्या. "बोटात आहे."

मी दाराकडे पाहिलं. काका उभे होते. "काका, तुम्हाला?"

"मले माहीत नाही," ते म्हणाले. या वेळी त्यात अभिमान नव्हता.

काकू नवऱ्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही रोज विचारता ना, दोष घरात का बाहेर? खांब बरोबर होता. तार बी बरोबर होती, रोज तुम्हीच पाहत होते. अमरावतीही बरोबर आहे. आजवर मी बोलली नाही. पण दोष घरातला आहे, अजी."

त्या चिडून बोलल्या नाहीत. काका तिथेच उभे होते. मला वाटलं, आता हे गच्चीवर निघून जाणार. पण ते आत आले, माझा मोबाईल मागून घेतला, आणि खाटेजवळ जमिनीवर बसले.

"दाब," ते म्हणाले.

"काय?"

"बटणं दाब. मी पाहतो."

काकूंनी पाचावरचं टिंब शोधलं आणि मेलेल्या फोनवर बोटं चालवली. ती इतकी झरझर गेली की काकांना काही दिसलंच नाही. "हळू," ते म्हणाले. हळू दाबलं की काकू विसरत. पुन्हा झरझर, पुन्हा हळू. काकांनी चष्मा पुसला आणि नाक जवळजवळ बटणांना टेकवलं. एकदा फोन लागला तो भलत्याच कुणाला. त्यालाही त्यांनी आवाज येऊन राहिला का विचारलं आणि "चालते" म्हणून ठेवून दिला. त्यानंतर पुन्हा बोटं. या खेपेला घंटा गेली. मी स्पीकर लावून दिला.

"हॅलो?" पलीकडून बाईचा थकलेला आवाज आला.

मोबाईल काकूंच्या हातात द्यायचा, असं ठरलं होतं. काकांनी तो दिला नाही.

"जय भीम," ते म्हणाले. आणि मग, दुसरं काही सुचलंच नसावं, "आवाज येऊन राहिला का?"

"कोण? भाऊजी का?"

"आवाज येऊन राहिला का, ते सांगा आधी."

"येते ना. काहून नाही येणार?" ती म्हणाली. "तुमचा आवाज मले रोजच येते, भाऊजी. ताई बोलत असते अन् मागून तुम्ही. खरखर येऊन राहिली का, विचार तिले. मी इकडून रोज सांगतो, नाही येत जी, साफ आहे. ताई तुम्हाले सांगते का नाही, मले काय माहीत."

काकांचा एक हात कुर्त्याच्या खिशात गेला आणि खडू चाचपत राहिला. मग त्यांनी मोबाईल काकूंच्या हातात ठेवला, त्यांची बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली.

"घे," ते म्हणाले. "लाईन पास आहे."

मी वर निघून गेले. मला रडू येत होतं, आणि त्या खोलीत माझं काही काम उरलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. बहीण घरी आली. फायबरवरचा फोनही यथावकाश आला, पण बत्ती गेली की तो मरतो म्हणून काकांनी त्याच्या पेटीवर मोठी फुली मारली आणि स्वतःसाठी एक साधा मोबाईल आणला. पुढे माझी नोकरी पुण्याला गेली. गेल्या हिवाळ्यात कामासाठी पुन्हा जबलपूरला जाणं झालं तेव्हा दुपारची त्यांच्याकडे गेले. जाळीच्या दारातून प्रश्न आला, मी उत्तर दिलं, कडी निघाली.

स्टुलावर तोच जुना फोन होता, त्याची तुटलेली तार गुंडाळून खाली ठेवलेली. वेळ झाली तशी काकूंनी पाचावर बोट ठेवलं आणि बटणं दाबायला सुरुवात केली. काका खाटेजवळ जमिनीवर बसून, चष्मा नाकावर ओढून, त्यांच्या बोटांकडे बघत आपल्या मोबाईलवर एकेक आकडा लावत होते. मी म्हटलं, "काका, तो नंबर मोबाईलमध्ये ठेवून द्या ना. एका बटणात लागेल. आणि एव्हाना तुम्हाला पाठही झाला असेल."

त्यांनी मान वर केली नाही.

"माह्या नाही ध्यानात राहत," ते म्हणाले. "तिचे बोटं पाहाच लागते."